यंत्राच्या उत्तराचा संदर्भ कसा द्यायचा?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही नावे रोज वर्तमानपत्रात येऊ लागली. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांतली ताकद जाते, काही रुग्णांना श्वास घेणेही अवघड होते. पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर हे घडू शकते, म्हणून संशयाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला. पुणे महापालिकेने फेब्रुवारीत नांदेड गाव, धायरी आणि आसपासचे ३० खासगी पाणी प्रकल्प बंद केले.

धायरीतल्या एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाने या साथीवर प्रकल्प करायचे ठरवले, अशी कल्पना करू. विषय घरचा आहे. मुले विहिरी पाहतील, शेजाऱ्यांशी बोलतील, पाणी कुठून कुठे जाते याचा नकाशा काढतील. आणि प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर लिहितील : 'संदर्भ : १) वर्तमानपत्रे २) गूगल ३) चॅटजीपीटी.'

असे पान आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असणार. बी.एड.च्या कृतिसंशोधनाच्या अहवालातही ते आता दिसू लागले आहे. काही शिक्षक तिसरे नाव खोडायला सांगतात, काही 'निदान प्रामाणिकपणे लिहिले तरी' म्हणून सोडून देतात. दोन्ही वेळा मूळ प्रश्न तसाच राहतो. यंत्राने तयार केलेल्या मजकुराचा संदर्भ देता येतो का? येत असेल तर कशासाठी, आणि कसा?

संदर्भ म्हणजे परतीची वाट

आधी संदर्भ देतात कशासाठी ते पाहू. 'ज्याचे श्रेय त्याला द्यावे म्हणून' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. संदर्भाचे दुसरे, कदाचित अधिक महत्त्वाचे काम म्हणजे वाचकाला परतीची वाट दाखवणे. 'मी हे इथून घेतले. शंका असेल तर तिथे जा आणि स्वतः पाहा,' असे लेखक वाचकाला सांगत असतो.

याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मधील निधनापर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या १२५९ हस्तलिखितांचा या कामात उपयोग झाला. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली बारीक अक्षरांत पाठभेद आहेत. कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, कोणत्या पोथीत ओळच नाही, हे प्रत्येक पोथीला दिलेल्या खुणेसह नोंदवलेले आहे. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला तळटिपेतल्या खुणेवरून मूळ पोथीपर्यंत जाता येते. 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे ती आवृत्ती म्हणत नाही. तपासण्याची सोय करून देते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

नववीच्या प्रकल्पाला एवढा खटाटोप नको हे खरे. पण कसोटी तीच आहे : संदर्भ वाचून वाचकाला मूळ जागी जाता येते का?

धायरीच्या प्रकल्पातले साधे उदाहरण घेऊ. एका मुलाने लिहिले, 'जीबीएसचे २४ रुग्ण होते.' दुसऱ्याने लिहिले १०१, तिसरीने लिहिले 'दोनशेहून अधिक'. चूक कोण? कोणीच नाही. २१ जानेवारीच्या सुमारास संशयित रुग्णांची संख्या २४ होती, २६ जानेवारीला ती १०१ झाली आणि फेब्रुवारीत २०० च्या वर गेली. तिन्ही आकडे खरे आहेत, पण तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव जोडल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. आकड्याखाली नुसते 'चॅटजीपीटी' लिहिले, तर नेमक्या याच दोन गोष्टी हरवतात.

यंत्र उत्तर कसे तयार करते?

असे का होते हे कळण्यासाठी यंत्राच्या आत काय चालते ते थोडे पाहू. वर्गात फळ्यावर लिहा : 'काखेत कळसा नि गावाला ...' सगळा वर्ग एका सुरात 'वळसा' म्हणेल. त्यासाठी कोणी म्हणींचे पुस्तक उघडत नाही. हे शब्द या क्रमाने इतक्या वेळा कानावर पडलेले असतात की पुढचा शब्द आपोआप येतो.

चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारख्या साधनांचा गाभा म्हणजे ज्याला भाषा-प्रारूप म्हणतात, ते हेच काम अतिशय मोठ्या प्रमाणावर करते. प्रचंड मजकूर त्याला दाखवलेला असतो. आधीचे शब्द पाहून पुढचा शब्द किंवा शब्दाचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती, याचा अंदाज ते बांधते. अंदाज चुकला की आतल्या कोट्यवधी आकड्यांत किंचित बदल केला जातो. असे अगणित वेळा झाल्यावर अंदाज इतके अचूक होतात की उत्तर एखाद्या जाणकाराने लिहिल्यासारखे वाटते.

यातला आपल्या कामाचा मुद्दा असा. शिकवणे संपल्यावर प्रारूपाच्या आत जे उरते ते आकडे असतात. पुस्तके कपाटात लावून ठेवावीत तशी ती तिथे नसतात. त्यामुळे अमुक वाक्य कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून आले हे प्रारूपाला स्वतःलाही सांगता येत नाही. फार वेळा आलेला एखादा मजकूर जसाच्या तसा बाहेर पडू शकतो, पण तेव्हाही तो कुठला याची नोंद त्याच्यापाशी नसते.

याचे परिणाम कसे होऊ शकतात? सिंहगड रस्त्यावरचे 'नांदेड' म्हणजे धायरीच्या शेजारचे गाव. पण छापील मजकुरात 'नांदेड' हा शब्द बहुतेक वेळा मराठवाड्यातले शहर, गोदावरी आणि गुरुद्वारा यांच्या संगतीने येतो. प्रश्न नीट विचारला नाही, तर यंत्राने पुण्याची साथ मराठवाड्यात नेऊन ठेवली तरी नवल वाटायला नको. वाक्य शुद्ध असेल, सूर ठाम असेल आणि जागा मात्र काहीशे किलोमीटर चुकलेली असेल.

शिवाय पुढचा शब्द निवडताना यंत्र दर वेळी सर्वांत संभाव्य शब्दच घेते असेही नाही. त्यात काही प्रमाणात यदृच्छा, म्हणजे फासा टाकल्यासारखी निवड ठेवलेली असते. म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. पुस्तकाचे ४२ वे पान तुम्ही उघडा की मी उघडू, मजकूर एकच असतो. यंत्राच्या उत्तराला असे पानच नाही.

खोटा संदर्भ खरा का वाटतो?

यंत्राकडेच संदर्भ मागितले तर? ते देते. आणि सर्वांत सावध राहायचे ते इथेच. संदर्भाची मांडणी ठरावीक साच्याची असते : आडनाव, आद्याक्षरे, वर्ष, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे. साचा पक्का असला की त्यात शोभतील असे शब्द भरणे हे यंत्राचे हातचे काम. लेखक खरा, नियतकालिकही खरे, पण तो लेख कधी लिहिलाच गेला नाही, असा संदर्भ त्यातून सहज तयार होतो.

याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात दोन वकिलांनी आपल्या बाजूने जुन्या निवाड्यांचे दाखले दिले. त्यांतले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते, ते चॅटजीपीटीने तयार केलेले होते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलरचा दंड केला. त्यांतल्या एकाने 'हे निवाडे खरे आहेत ना?' असे यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने 'होय' म्हटले होते. साक्षीदाराची साक्ष त्याच साक्षीदाराकडून तपासून घेण्यासारखेच हे झाले.

आपल्याकडेही असे घडले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. आदेशात ज्या निवाड्यांचा आधार दिला होता ते मुळात नव्हतेच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्रणेतून मिळालेल्या माहितीवर डोळे झाकून विसंबू नये, ती वापरण्याआधी पडताळून घ्यावी, असे न्यायालयाने बजावले आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

शाळेत दंड होत नाही, आदेशही रद्द होत नाहीत. पण कृतिसंशोधनाच्या अहवालावर मार्गदर्शक म्हणून आपली सही असते. त्या अहवालातला बनावट संदर्भ पुढच्या वर्षीचा विद्यार्थी विश्वासाने उतरवून घेतो, आणि खोटी गोष्ट सहीनिशी पुढे चालू लागते. आरोग्याच्या विषयात तर हे अधिक गंभीर आहे. 'धायरीच्या अमुक विहिरीमुळे साथ आली' असे न तपासलेले वाक्य मुलांच्या प्रदर्शनातून गावभर व्हायला वेळ लागत नाही.

वापर तीन प्रकारचे

यंत्राचे नाव मग लिहायचेच नाही का? लिहायचे. पण कोणत्या नात्याने, हे आधी ठरवायला हवे. आम्हाला यात तीन प्रकार दिसतात.

पहिला, पुरावा म्हणून. 'जीबीएसचा संबंध कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूशी आढळला' हे विधान करायचे आहे. त्याला आधार हवा तो तपासणी करणाऱ्याचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले, त्यांतल्या काहींत हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. तेव्हा संदर्भ त्या तपासणीचा, किंवा ती माहिती ज्या शासकीय निवेदनात अथवा बातमीत वाचली, त्याचा तारखेसह द्यावा. यंत्राने ही माहिती बरोबर सांगितली असली तरीही. यंत्राने वाट दाखवली एवढेच, आपण वाटेच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन उत्तरासोबत दुवे देतात. ही सोय चांगली आहे, पण दुवा उघडून, वाचून, मगच त्या मूळ लेखाचा संदर्भ द्यावा.

दुसरा, मदतनीस म्हणून. मुलाखतीचे प्रश्न सुचवणे, परिच्छेदाची भाषा सुधारणे, इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवारा करणे, अशा कामांसाठी यंत्र वापरले तर ते संदर्भसूचीत नव्हे, तर प्रस्तावनेत किंवा कार्यपद्धतीच्या भागात सांगावे. पाणी तपासायला कोणते संच वापरले हे आपण जसे लिहितो, तसेच हे.

तिसरा, नमुना म्हणून. समजा एका गटाने विषयच असा घेतला : 'जीबीएसविषयी मराठीत विचारले तर यंत्र काय सांगते आणि इंग्रजीत विचारले तर काय?' इथे यंत्राचे उत्तर हीच अभ्यासाची वस्तू आहे. ते शब्दशः उद्धृत केलेच पाहिजे आणि त्याचा रीतसर संदर्भही दिला पाहिजे.

कोणी विचारेल, मुलाखतीचा संदर्भ आपण देतो, मग यंत्राशी झालेल्या संभाषणाचा का नको? फरक असा की विहिरीवर भेटलेल्या आजींना पुन्हा जाऊन विचारता येते. 'तुम्ही हे स्वतः पाहिले की ऐकले?' असेही विचारता येते. आपल्या शब्दाची जबाबदारी त्या घेतात. यंत्र ती घेऊ शकत नाही.

नियम काय सांगतात?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले. पुढच्या काही आठवड्यांतच काही शोधनिबंधांवर त्याचे नाव सहलेखक म्हणून दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर'ने अशा साधनाला लेखक मानणार नसल्याचे जाहीर केले. फेब्रुवारीत प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीनेही तेच सांगितले. कारण एकच : लेखक म्हणजे मजकुराची जबाबदारी घेणारा.

संदर्भ देण्याच्या निरनिराळ्या पद्धतींनी २०२३ मध्ये आपापले नियम केले. एपीए पद्धतीत यंत्राकडे संगणक-प्रणाली म्हणून पाहतात आणि लेखकाच्या जागी ती बनवणाऱ्या कंपनीचे नाव लिहितात. एमएलए पद्धतीत लेखकाची जागा रिकामी सोडून आपण विचारलेला प्रश्न शीर्षकाच्या जागी घेतात. शिकागो पद्धतीत यंत्राच्या मजकुराची नोंद मुख्यतः तळटिपेत करतात. हे नियम सुधारले जात आहेत, म्हणून आपल्या विद्यापीठाने जी पद्धत सांगितली असेल तिची ताजी आवृत्ती पाहावी. मांडणी वेगवेगळी असली तरी चार गोष्टी सगळीकडे लागतात : साधनाचे नाव व आवृत्ती, बनवणारी कंपनी, वापराची तारीख आणि विचारलेला प्रश्न.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधातला मजकूर इतरत्र छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, यावर त्यांत पायऱ्या ठरवल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे साठ टक्क्यांच्या वर सर्वांत कडक कारवाई. पण यंत्राचा मजकूर दर वेळी नव्याने जुळवलेला असतो, तो कोणाशी जुळेलच असे नाही. तेव्हा 'साम्य पाच टक्के' असा दाखला म्हणजे लेखन स्वतःचे असल्याचा पुरावा नव्हे.

यंत्राचे लेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवरही विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यावर असा आळ येणे किती सोपे आहे, हे यावरून लक्षात येईल. त्याला आरोपी करण्यापेक्षा 'हे कुठून घेतलेस? दाखव,' असे विचारणे अधिक न्यायाचे आणि अधिक उपयोगाचेही.

नोंद कशी लिहावी?

मदतनीस म्हणून वापर केला असेल तर प्रकल्पात अशी नोंद पुरे :

'मुलाखतीचे प्रश्न तयार करताना आम्ही चॅटजीपीटीची मदत घेतली (आवृत्ती व तारीख). त्याने सुचवलेल्या १२ प्रश्नांपैकी ७ जसेच्या तसे घेतले, २ बदलून घेतले, ३ सोडले. रुग्णसंख्या, तारखा व आजाराची माहिती त्यातून घेतलेली नाही. पूर्ण प्रश्नोत्तरे परिशिष्ट १ मध्ये दिली आहेत.'

नमुना म्हणून वापर असेल तर :

'"धायरी परिसरात जीबीएस कशामुळे पसरला?" या प्रश्नाला मिळालेले उत्तर. चॅटजीपीटी, आवृत्ती, ओपनएआय, तारीख. संपूर्ण उत्तर परिशिष्ट २ मध्ये.'

परिशिष्ट जोडायला विसरू नये. संभाषणाचा दुवा काही साधने देतात, पण तो पुढे बंद होऊ शकतो. कागदावरचे उत्तर मात्र वाचकासमोर राहते. पुरावा म्हणून नोंद कशी करावी, याचा नमुना आम्ही मुद्दाम देत नाही. तिथे यंत्राऐवजी मूळ स्रोताचे नाव येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

१) अर्धवट म्हणी फळ्यावर लिहून पुढचा शब्द विचारा. नंतर 'धायरीच्या पुढे ...' असे वाक्य द्या. किती वेगवेगळे शब्द येतात ते मोजा. पहिल्या खेळात वर्गाचे एकमत होईल, दुसऱ्यात होणार नाही. यंत्र मात्र दोन्ही ठिकाणी सारख्याच ठामपणे बोलते.

२) एकच प्रश्न दोन वेगळ्या दिवशी यंत्राला विचारून उत्तरे शेजारी शेजारी ठेवा. शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर विचारून उत्तरे वर्गात वाचून दाखवली तरी चालेल. बदललेल्या गोष्टी मुलांना अधोरेखित करू द्या.

३) यंत्राकडून एखाद्या विषयावरचे पाच संदर्भ मागा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न लावा. हे पुस्तक किंवा नियतकालिक आहे का? त्या अंकात हा लेख आहे का? त्या लेखात हे विधान आहे का? पहिल्या दोन प्रश्नांवर थांबण्याचा मोह होतो. पण लेख खरा असून त्यात भलतेच काही लिहिलेले असणे, ही चूक सर्वांत उशिरा सापडते.

एवढे केल्यावर मुलांना ते शेवटचे पान पुन्हा लिहायला सांगावे. 'वर्तमानपत्रे' या शब्दाच्या जागी वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख येईल. 'गूगल' आपोआप गळेल, कारण ती माहिती नव्हे, माहितीकडे जाण्याचे दार आहे. आणि 'चॅटजीपीटी' तिथून उठून प्रस्तावनेत जाऊन बसेल. मुलांनी स्वतः काढलेला पाण्याचा नकाशा आणि स्वतः घेतलेल्या मुलाखती, तारीख व जागा लिहून, त्या पानावर सर्वांत वर याव्यात. धायरीविषयीची ती माहिती कोणत्याही यंत्राला दाखवलेली नव्हती, ती या वर्गाने मिळवली आहे.